आतोबांचं हातघर

ठाण्यात अशी एकही वस्तू सापडायची नाही जिला आमच्या आतोबांचा हात लागलेला नाही. आणि सापडलीच, तर ती काल संध्याकाळच्या गाडीने गावात उतरलेली असणार आणि आज कचेरी भरायच्या आत तिचं भाग्य उजळणार, हे नक्की समजा. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. कलेक्टरकचेरीत कारकून होते. बारीक अंगकाठी, नाकावर घसरणारा चष्मा, डोक्यावर कायम डावीकडे कललेलं पागोटं. इथपर्यंत ते कचेरीतल्या इतर कारकुनांसारखेच. ओळीत उभे केले असते तर कोणता आपला ते आत्यालाही चटकन सांगता आलं नसतं. पण मनगटाच्या पुढे मात्र देवाने निराळाच प्राणी जोडला होता. त्या हातांना स्वतःची बुद्धी होती, आणि ती आतोबांच्या बुद्धीच्या कायम पुढे धावे. आधी हात जाई, मागून आतोबा जात, आणि सगळ्यांत मागून "अहो, अहो, तिकडे नको" असं म्हणत आत्या.

वाण्याच्या दुकानात शिरले की प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून झाल्याशिवाय ते भाव विचारीत नसत. न्हाव्यापुढे बसले की अर्धी दाढी झाल्यावर त्याच्या हातातला वस्तरा काढून घेत आणि धार कशी लावतोस, कुठल्या दगडावर लावतोस, याची चौकशी सुरू करीत. त्यामुळे अर्धी दाढी घोटलेली आणि अर्धी साबणाच्या फेसात अशा अवस्थेत ते कचेरीच्या वाटेला लागलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एकदा एका लग्नात गाण्याची बैठक रंगात आली होती. बुवा डोळे मिटून तान घेत होते, लोक माना डोलावत होते, आणि तेवढ्यात आतोबांनी पुढे सरकून तबल्याच्या काळ्या शाईवर बोट टेकवलं आणि तबलजीला विचारलं, "हे काय लावलंय हो? भात का?" तान तिथेच मेली. तबलजी पुढची दहा वर्षं आमच्या घरच्या कार्याला आला नाही.

आगगाडी नवी नवी असताना लोक लांबून इंजिनाला नमस्कार करीत, कोणी हळदकुंकू वाहत, कोणी नारळ ठेवीत. आतोबा पुढे झाले आणि त्यांनी इंजिनाच्या पोटाला चक्क तळहात लावला. त्यानंतरची किंकाळी कोपरीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. घरी आत्या कोरफडीचा गर लावीत होती, डोळे पुशीत होती, आणि हे गृहस्थ आनंदाने लाल होऊन सांगत होते, "अगं, आत नुसती वाफ नाही, राग आहे राग! नमस्कार करणाऱ्यांपैकी एकालासुद्धा हे कळलं नाही बघ."

अशा माणसाला कोणीतरी मुंबईचा अजबखाना दाखवायला नेलं. नेणारा मीच होतो. माझ्या मनात होतं की आतोबा खूश होतील, मला जिलबी खायला घालतील. पण तिथे काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, आणि कुलपांपुढे मिशीला पीळ दिलेला पहारेकरी. आतोबांचा हात एका पितळी यंत्राकडे निघाला की पहारेकरी म्हणे, "दूरसे देखो." हात दुसऱ्या कपाटाकडे वळला की पुन्हा, "दूरसे देखो, बाबा." असं करत करत त्या पहारेकऱ्याने आतोबांना सगळा अजबखाना दुरून दाखवला आणि दाराबाहेर काढलं. परतायची गाडी धरली. ठाणं आलं, उतरलो, आणि स्टेशनाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी मला सांगितलं, "दिनू, दुरून चंद्र बघावा. यंत्र बघायचं ते हाताने. मी काढतो असा अजबखाना, की जिथे हात न लावणाऱ्यालाच बाहेर काढतील."

मला वाटलं, उन्हाचं लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर आत्याच्या ओसरीवरचा झोपाळा जागेवरून हललेला, आतोबा स्टुलावर चढलेले आणि कड्यांची लांबी कमीजास्त चाललेली.

तो झोपाळा म्हणजे आमच्या हातघराचा पहिला दागिना. हातघर हे नाव लोकांनी ठेवलं. आतोबांनी ठेवलेलं संस्कृत नाव इतकं लांब होतं की ते सांगून होईपर्यंत माणूस पुढच्या आळीत गेलेला असे. झोपाळ्यावर आधी एखाद्या काटकुळ्या माणसाला बसवायचं आणि झोका मोजायचा, मग एखाद्या गलेलठ्ठ माणसाला बसवायचं आणि झोका मोजायचा. दोघांचा झोका सारखाच! "बघा," आतोबा टाळी वाजवून म्हणत, "वजन कितीही असो, कडी तेवढीच तर वेळ तेवढाच!" त्यामुळे झालं असं, की घरी येणाऱ्या पाहुण्याला बसा म्हणायची सोय राहिली नाही. आत्याच्या नणंदेच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच आली, तर त्यातल्या लठ्ठ सासूबाईंना आतोबांनी अत्यंत आदराने झोपाळ्यावर बसवलं आणि म्हणाले, "वा! तुमच्यासारखंच कोणीतरी कधीचं हवं होतं." सासूबाईंना वाटलं मान दिला. खरा अर्थ कळायला त्यांना त्यांच्या सुनेची मदत घ्यावी लागली.

मग कोठीची खोली गेली. आतोबांनी तिची खिडकी फळीने बंद केली, फळीला वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि समोरच्या भिंतीवर स्वतःचं पांढरं धोतर ताणून बसवलं. आत्या तांदूळ काढायला आत गेली, दार लोटलं गेलं, आणि समोर काय? धोतरावर रस्ता. रस्त्यावर झाडं, सगळी उलटी, बैलगाडी उलटी, आणि समोरच्या घरातले शास्त्रीबुवा छत्रीसकट, पाय आभाळात आणि शेंडी जमिनीकडे, शांतपणे चाललेले. आत्या किंचाळून बाहेर आली. "शास्त्रीबुवांना काहीतरी झालंय हो!" त्यानंतर आठवडाभर ती आतोबांशी बोलली नाही. मात्र मी पाहत होतो, दुपारी तिला तांदूळ काढायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागायला लागला, आणि बाहेर येताना ती पदराने तोंड झाकून घेत असे.

वस्तू येतच राहिल्या. जुन्या गलबताची डोलकाठी जात्याच्या तळीवर आडवी टाकून तरफ केली. लोहचुंबक आला, भिंगं आली, बांबूच्या वाकड्या नळीतून पाणी चढून उतरायला लागलं. विहिरीवर एका कप्पीच्या जागी तीन कप्प्या लावल्या आणि माझ्या धाकट्या बहिणीने एका हाताने पाण्याने भरलेला हंडा वर ओढून दाखवला. त्या कप्प्या दिल्या गोमाबाईने. गोमाबाई चेंदणीच्या कोळीवाड्यातली. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. बाजाराला जाताना एकदा ती ओसरीपुढे थांबली, टोपली खाली ठेवली, आणि ओसरीलगतच्या मोरीतलं पाणी बांबूतून वर चढताना पाहून ओरडली, "आरे दादा, पानी झारावर चरतंय का काय!" आतोबा म्हणाले, "बाई, नुसतं बघू नका, नळीला बोट लावा." तिने बोट लावलं, पाणी थांबलं, बोट काढलं, पाणी आलं. त्या क्षणापासून गोमाबाई हातघराची झाली. दादल्याच्या होडीवरच्या जुन्या कप्प्या तिने आणून दिल्या, आणि पाठोपाठ सगळा कोळीवाडाही आणला.

आणि कचेरी! ठाण्याला कोर्ट असल्यामुळे कल्याणहून, डोंबिवलीहून, पार खाडीपलीकडून लोक तारखांना येत आणि पुकारा होईपर्यंत झाडाखाली जांभया देत. आतोबांनी त्यांना ओसरीचा रस्ता दाखवला. मग काय विचारता! लोक तारीख पडली की रडायचे, ते आता हसायला लागले. कल्याणकडचे दोन शेतकरी बांधावरून भांडत होते, एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. आतोबांनी एकाला तरफेच्या या टोकाला बसवलं, दुसऱ्याला त्या टोकाला. एक वर गेला, दुसरा खाली. "थोडे पुढे सरका. नाही नाही, तुम्ही मागे. हां, अजून बोटभर!" दोघांना तोल सापडेपर्यंत घाम फुटला, आणि सापडला तेव्हा दोघेही हवेत तरंगत एकमेकांकडे बघून खो खो हसत होते. तिकडे कोर्टात त्यांचा पुकारा होऊन गेला होता. दोघांनाही नवी तारीख मिळाली. दोघेही पुन्हा आले, आणि या खेपेला बायकापोरांना घेऊन.

आता एवढं झाल्यावर संकट यायला पाहिजेच, आणि ते समोरच्याच घरातून आलं. शास्त्रीबुवा विद्वान होते, वृद्ध होते, सोवळ्याओवळ्यात कडक होते, आणि माझ्या मते आतून कुतूहलाने कासावीस झालेले होते. कारण आपल्या ओसरीवर पोथी उघडून ते जे बसत ते पान उलटल्याचं मी कधी पाहिलं नाही. एके दिवशी ते रस्ता ओलांडून आले आणि पायरीखालीच उभे राहिले.

"अहो कारकून, तुमच्या ओसरीवर कोण कोणाला शिवतं याचा काही पत्ता लागत नाही."

"लागतो की, बुवा," आतोबा आनंदाने म्हणाले. "सगळे सगळ्यांना शिवतात."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "चेष्टा पुरे. हेच चाललं तर आळीतलं कोणी तुमच्या घरी पाणी घेणार नाही. वहिनींच्या हळदीकुंकवाला कोणाची सून येणार नाही. मग मला दोष देऊ नका."

हे शब्द माजघराच्या दारापर्यंत गेले, आणि दारामागे आत्या होती. तिचाही जीव मेटाकुटीला आलेला. दिवसातून किती वेळा आंघोळ करायची याचा हिशेब तिने सोडला होता. ओसरीवरून आत पाऊल टाकायचं म्हणजे भिंगं, चाकं, माणसं ओलांडा. त्यात लोहचुंबकालासुद्धा बोंबलांचा वास. त्या संध्याकाळी ती आतोबांना म्हणाली, आणि शांतपणे म्हणाली, म्हणून मला भीती वाटली, "हे बघावं, मी आजवर काही बोलले नाही. पण संक्रांतीला मला माझी ओसरी रिकामी हवी. कुठे न्यायचं ते न्यावं. नाही नेलं, तर मी गड्याला सांगून सगळं विहिरीत टाकीन." आत्या बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर आतोबा ओसरीच्या कडेला बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात बंडीच्या खिशात होते. वाचकहो, मी त्यांना तापात पाहिलं होतं, सुतकात पाहिलं होतं, साहेबाची बोलणी खाऊन आलेलं पाहिलं होतं. पण हात खिशात घातलेले आतोबा मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, "आतोबा, बंदरावरचं जुनं गोदाम रिकामं आहे."

ते खरंच रिकामं होतं. आगगाडी आल्यापासून गलबतांचा माल कमी झाला होता, आणि खाडीच्या काठचं ते दगडी गोदाम कबुतरांनी बळकावलं होतं. त्याची किल्ली म्युनिसिपालिटीतल्या रावसाहेबांकडे. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. रावसाहेब फार कमी बोलत, आणि बोलले की आधी घसा साफ करीत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्याला तोफेची सलामी मिळे.

"गोदाम देईन," ते म्हणाले. "पण उद्या लोक म्हणतील, रावसाहेबांनी पोरखेळाला सरकारी जागा दिली. गावातली चार थोर माणसं माझ्यासमोर म्हणाली की हे उपयोगाचं आहे, तर तिथल्या तिथे किल्ली. शास्त्रीबुवासुद्धा त्यांत हवेत."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "संपलं."

आतोबांचे हात खिशातून बाहेर आले होते. "संपलं काय, दिनू? आता तर बरणी निघणार!"

ही बरणी म्हणजे हातघराची राणी. आत्याच्या माहेरची मुरांब्याची काचेची बरणी. तिला आतून-बाहेरून चहाच्या पेटीतला चंदेरी पत्रा चिकटवलेला, आणि झाकणातून एक पितळी कांब वर आलेली, तिच्या टोकाला पलंगाच्या खांबावरचा पितळी गोळा. शेजारी एक मोठी काचेची बाटली रहाटाच्या चाकाला जोडलेली. चाक फिरवलं की बाटली रेशमाच्या गादीवर घासायची, आणि त्या घासण्यातून जी वीज जन्माला यायची ती बरणीत साठायची. पावसाळ्यात ही बया अगदी रुसून बसे, ठाण्याची दमट हवा तिला मानवत नसे. पण थंडी पडली, जवळ शेगडी ठेवली, की अशी काही तापे की गोळ्याला बोट नेलं तर चट् करून ठिणगी. आणि खरी गंमत पुढेच. पुष्कळ माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळी करायची. पहिल्याने बरणी धरायची, शेवटच्याने गोळ्याला बोट लावायचं. की सगळ्यांना एकदम, एकाच क्षणी, कोपरापर्यंत झटका! राव असो, रंक असो, सगळे एकाच वेळी उडणार. "हे पाहिल्यावर," आतोबा म्हणाले, "नको म्हणणारा माणूस जन्मायचाय."

फक्त त्यासाठी सगळ्यांनी हात धरायला हवे होते. आणि गोमाबाईने सांगून टाकलं होतं, "मी नाय तर बरणी नाय. कप्प्या माझ्या हायेत."

आतोबा शास्त्रीबुवांकडे गेले. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण बाहेर आले ते नाचतच. "येतायत! बुवा येतायत! एकच अट आहे, कोणाच्या हाताला हात लागता कामा नये. मधे रेशमी उपरणं धरणार. रेशमाला विटाळ नाही ना! मी म्हटलं, रेशीम तर रेशीम!"

ठरल्या दिवशी सकाळी ओसरी फुलून गेली. रावसाहेब खुर्चीत. गावातले आणखी तीन प्रतिष्ठित, पागोटी सांभाळत. पायऱ्यांवर कोळीवाडा, अंगणात तारखांना आलेली कल्याणची मंडळी, रस्त्यावर बाकीचं ठाणं. शास्त्रीबुवा सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून आले, सोबत स्वतःचा पाट आणला, तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहिले, आणि साखळीचं शेवटचं टोक आपण घेणार असं त्यांनी जाहीर केलं, म्हणजे शेजार एकाच बाजूचा. त्या बाजूला नेमकी गोमाबाई उभी! दोघांच्या मधे पिवळं रेशमी उपरणं, एक टोक तिच्या मुठीत, एक बुवांच्या.

"बुवा, घाबरू नका हां," गोमाबाई म्हणाली. "मी हाय."

"मी घाबरत नाही," शास्त्रीबुवा गोळ्याकडे एकटक बघत म्हणाले.

मी चाक फिरवायला घेतलं. बाटली गरगरली, रेशीम कुरकुरलं, बरणी भरली. आतोबांनी ती डाव्या हातात धरली, उजवा हात रावसाहेबांना दिला, रावसाहेबांनी पुढच्याला, असं करत साखळी गोमाबाईपर्यंत गेली. अंगणातलं पोरगंसुद्धा श्वास घेईना. "बुवा," आतोबा ओरडले, "लावा बोट!"

शास्त्रीबुवांनी डोळे गच्च मिटले आणि गोळ्याला बोट लावलं.

काही नाही. अगदी काही नाही. कोणी उडालं नाही, कोणी ओरडलं नाही. रस्त्यावरून एक बैल हंबरला तेवढाच. शास्त्रीबुवांनी एक डोळा उघडला. "झालं का?"

पुन्हा चाक, पुन्हा बोट. पुन्हा काही नाही. अंगणात कोणीतरी फिस्सकन हसलं. एक प्रतिष्ठित गृहस्थ दुसऱ्याला म्हणाला, "मुरांबा तरी ठेवायचा होता आत." रावसाहेबांनी घसा साफ केला, आणि ती सलामी मला फाशीच्या हुकमासारखी वाटली. आतोबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते बरणीकडे बघत होते, माणसांच्या ओळीकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर पिवळ्या उपरण्यावर जाऊन थांबली.

"रेशीम," ते हळूच म्हणाले. "अरे देवा. रेशमातून ती जात नाही. मी स्वतः गोळा रेशमाने धरतो, झटका बसू नये म्हणून. आणि मीच म्हटलं, रेशीम तर रेशीम!" मग हात जोडून, "बुवा, एवढं उपरणं सोडलंत तर..."

"उपरणं सुटणार नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तर वाईट वाटल्यासारखं ऐकू आलं. पण सगळं गाव पाहत होतं, आणि शब्द म्हणजे शब्द.

रावसाहेब उठले. हात खिशाकडे गेला, किल्ली तिथेच आहे ना हे चाचपून पाहिलं, आणि ते पायरी उतरायला निघाले. आतोबा बरणी छातीशी धरून उभे. संक्रांत तोंडावर, विहीर परसात.

तेवढ्यात माजघराच्या दारामागून आवाज आला. आत्याचा. परक्या पुरुषांपुढे ती बोलत नसे, म्हणून माझ्या नावाने बोलली, पण इतक्या खणखणीत की रावसाहेबांचा पाय पायरीवरच थबकला. "दिनू, विचार बरं, पाण्यातून जाते का ती?"

"पाण्यातून?" आतोबा दचकले. "पाण्यातून तर पळते ती!"

"मग ते उपरणं भिजवायला काय झालं? ओलेतं काय ओवळं असतं? रोज ओलेत्याने पूजा करतात ते कोणाच्या शास्त्राने?" आणि दाराच्या फटीतून पाण्याने भरलेला तांब्या बाहेर आला. मागोमाग, थोडा खालच्या पट्टीतला पण सगळ्यांना ऐकू जाईलसा, "माझी ओसरी मोकळी व्हायची राहिलीय."

सगळ्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. बुवांनी आभाळाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढून किती ग्रंथ सरकले असतील कोण जाणे. मग ते म्हणाले, "ओलेत्याला दोष नाही," आणि उपरणं तांब्याखाली त्यांनी स्वतःच धरलं. मी तर म्हणेन, जरा घाईनेच धरलं.

चाक असं फिरवलं मी, की रहाट मोडायचा बाकी राहिला. बरणी भरली. साखळी धरली. ओल्या उपरण्यातून थेंब टपकत होते. बुवांनी या खेपेला डोळे मिटले नाहीत. बोट पुढे केलं, आणि गोळ्यापासून ठिणगीच उडी मारून त्यांच्या बोटाला भेटायला आली. चट्!

काय सांगू! सबंध ओळ एकदम उडाली. रावसाहेबांच्या तोंडून घसा साफ न करताच "आई गं!" निघालं. एक पागोटं अंगणात गेलं. गोमाबाई अशी ओरडली की खाडीवरचे बगळे उठले असतील, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. कल्याणची मंडळी टाळ्या पिटत होती. आणि शास्त्रीबुवा? शास्त्रीबुवा पाटावरून खाली उतरले होते, बोटाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मौंजीतल्या बटूसारखा झाला होता.

"पुन्हा," ते म्हणाले.

"बुवा?"

"पुन्हा, पुन्हा! फिरव रे चाक!"

मी फिरवलं. सगळ्यांनी भराभर हात धरले. चट्! पुन्हा सगळे उडाले, पुन्हा हसले, आणि तेव्हा माझं लक्ष जमिनीकडे गेलं. उपरणं पाटाशेजारी ओलं पडलं होतं. पहिल्या झटक्यालाच ते गळून गेलं होतं आणि कोणी उचललं नव्हतं. गोमाबाई म्हणाली, "बुवा, झाला आता. हात सोडा." बुवांनी हात सोडला, उपरणं उचललं, झटकून खांद्यावर टाकलं आणि रावसाहेबांना म्हणाले, "विद्या आहे. उपयोगाची आहे." त्यानंतर त्या उपरण्याबद्दल आमच्या आळीत कोणीही, कधीही, अवाक्षर काढलं नाही. रावसाहेबांनी किल्ली आतोबांच्या हातावर ठेवली, आणि आतोबांनी आधी तिचे दात चाचपून पाहिले.

संक्रांतीच्या आत बैलगाड्या भरभरून सामान बंदरावर गेलं, झोपाळा तेवढा घरी राहिला. आणि मग हातघर जे वाढलं! कबुतरं गेली, माणसं आली. कल्याणहून भाताच्या होड्यांवर बसून लोक येत. डोंबिवलीकडचे एक मास्तर सबंध शाळा घेऊन आले. आतोबांनी खाडीच्या भरतीवर फिरणारं चाक बसवलं. भरतीला ते एका बाजूने फिरे, ओहोटीला दुसऱ्या, आणि कोळ्यांची पोरं त्यावर पैजा लावीत. कोठीतली काळोखाची खोली इथे एवढी मोठी झाली की भिंतीवर अख्खी खाडी उलटी दिसे, होड्या आभाळात आणि पाणी त्यांच्या डोक्यावर. शास्त्रीबुवा दर एकादशीला येत. ते म्हणत, दर्शनाला जाताना वाटेत पडतं. देऊळ नेमकं उलट्या दिशेला होतं.

इकडे घरात संक्रांतीचं हळदीकुंकू थाटात झालं. ओसरी सारवलेली, रांगोळी काढलेली, आळीतल्या एकूण एक सुना आल्या. आणि आल्या त्या विचारायला लागल्या, "अगंबाई, ते यंत्र कुठे गेलं? उडतात ते?" तिळगूळ घेतला, जरा हिरमुसल्या, लवकर गेल्या. आतोबा कचेरीतून परस्पर बंदरावर जात, दिवेलागणीला घरी येत. मी एकदा संध्याकाळी गेलो तर आत्या रिकाम्या ओसरीवर झोपाळ्यावर एकटीच बसली होती. झोपाळा हलत नव्हता. मला म्हणाली, "बरं वाटतं रे, मोकळं मोकळं." आतोबा आले, पाय धुतले, तेव्हा तिने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "आळीतल्या बायका म्हणतायत, एकदा तिकडे जाऊन यावं. मीही यावं म्हणते. चालेल ना?"

आज दोघंही नाहीत. आतोबा आधी गेले, आत्या पाठोपाठ. हातघर आहे, गजबजलेलं आहे, आणि मी अजूनही अधूनमधून चाक फिरवायला जातो. लोक मला विचारतात, तुम्ही पाहिलेला सगळ्यांत मोठा झटका कोणता. मी शास्त्रीबुवांचा सांगतो, लोक पोट धरून हसतात. पण दुसरा एक आहे, तो मी सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्या दुपारी आळीतल्या बायकांना घेऊन आत्या गोदामात आली. नऊवारी चोपून नेसलेली, पदर डोक्यावर, सगळ्यांच्या मागे. भरतीचं चाक पाहिलं, भिंगं पाहिली. मग साखळी करायची वेळ आली. बायका हसत, ढकलत एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि त्या ढकलाढकलीत आत्या ओळीच्या सुरुवातीला आली, आतोबांच्या शेजारी. आमच्या काळी नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. उभं आयुष्य एका घरात काढलेली ती दोन माणसं, पण मी त्यांना कधी एकमेकांचा हात धरलेलं पाहिलं नव्हतं. आत्या जागच्या जागी थिजली. आतोबांनी बरणी डाव्या हातात घेतली, उजवा पुढे केला आणि प्रत्येक पाहुणीला म्हणत त्याच सुरात, तितक्याच अदबीने म्हणाले, "हात द्या, बाई."

तिने दिला. मी चाक फिरवलं. चट् झालं, सगळ्या किंचाळल्या, हात सोडून मनगटं चोळू लागल्या, एकमेकींना विचारू लागल्या, तुला लागलं का, तुला केवढं लागलं. ओळीच्या त्या टोकाला मात्र कोणी हात सोडला नव्हता. आत्या खाली बघत होती. आतोबा बरणीकडे बघत होते, जणू तिच्यात अजून काही शिल्लक आहे. मी मान वळवली आणि दारातून बाहेर पाहत राहिलो. खाडीला भरती लागत होती.